निरीक्षणाची बोअर

तिरुचेंगोडची गाडी पहाटेच शिरली
भद्रावती पेठेतल्या शाळेच्या मैदानात.
कमानीवरच्या ज्ञानमंदिराचा अनुस्वार
तिने जाता जाता पुसला.
पळनीस्वामीने जॅक टेकवले, नारळ फोडला,
अर्धी कवड माझ्या हातावर ठेवली,
"मॅडम, अधिकारी पहिला."
मी अधिकारी नाही. मी खडक लिहिते.
दर तीन मीटरला एक मूठ चुरा,
एक पिशवी, एक चिठ्ठी.

मग कॉम्प्रेसर सुरू झाला
आणि भोवतीच्या मागांचा खडखडाट
जन्मात पहिल्यांदा गप्प वाटला.

काळी माती, जेमतेम दीड हात.
मुरूम.
काळा पाषाण, हॅमरचे दात मोडणारा.
एकोणीस मीटरला अचानक लाल:
दोन लाव्हांच्या मध्ये भाजलेली जुनी माती.
कधीतरी हीच वरची जमीन होती,
हिच्यावर ऊन पडायचं.
पुन्हा काळा.

आई शाळेच्या भिंतीपाशी उभी होती.
चाळीस वर्षं कांड्या भरल्या तिने,
बोटांना अजून नसलेलं सूत लागतं.
ओळीने मांडलेले ढीग बघून म्हणाली,
"चादरीचा काठ की गं हा.
काळा, तांबडा, काळा.
कुणी विणला?"
लॉगशीटमध्ये या प्रश्नाला रकाना नाही.

सातवा रॉड उतरला. उडणारी धूळ जड झाली.
"तण्णी!" पळनीस्वामी ओरडला.
"नीळ्ळु," आई स्वतःशीच.
"नीरु बंतु," वॉचमन शरणप्पा, टोपी काढून.
मी लिहिलं: ४१ मीटर, ओल.

तोवर गल्ली जमली होती.
घागरी, कॅन, रंगाचे रिकामे ड्रम.
नळ सुटायला अजून दोन दिवस होते.
मला सांगावं लागलं,
ही प्यायची बोअर नाही,
हिला पंप बसायचा नाही, हापसासुद्धा नाही.
पाणी किती खोल गेलं
एवढंच हिला विचारायचं.
सांगता सांगता मलाच ते खोटं वाटू लागलं.
अंबूबाई यल्दंडी पुढे आल्या. शिवी दिली नाही.
"म्हणजे तापलेल्या पोराच्या कपाळाला
नुसता हात लावायचा?"
रिकामी घागर त्यांनी कमरेवर घेतली
आणि भरलेली असल्यासारख्या वाकून गेल्या.

या पेठेत घरटी बोअर आहे.
दोनशे फूट, चारशे, सातशे,
शेजाऱ्याची खोल गेली की आपलीही.
रंगकारखान्याच्या तीन.
कल्याणमंडपाची आटली,
तिच्या केसिंगवर तुळस लावलीय.
सगळ्या मागणाऱ्या.
ही एकच नुसती ऐकत बसलेली,
तोंडाला टोपण, टोपणाला कुलूप,
चावी माझ्या डब्याच्या पिशवीत.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी
पहिलीच्या वर्गातून एक खडू मागते,
पोलादी टेपच्या टोकाला घासते, आत सोडते.
बराच वेळ काही नाही. मग बारीकसा 'डुब'.
वर ओढते,
खडू जिथून काळवंडला तिथे नख ठेवते.
मे: ३३.०५
नोव्हेंबर: २२.९०

रात्री आई विचारते, "आज कुठवर आहे ते?"
अंथरुणाला खिळलेल्या नणंदेची चौकशी करावी तसं.
आकडा ऐकून हात हलवते, वर, खाली.
"धोट्यासारखंच की. फक्त उभं चालतं."
काय विणलं जातंय
ते दोघींनाही दिसत नाही.

परवा अंबूबाई आल्या. घागर नव्हती.
न विचारता टेप गुंडाळू लागल्या.
ओला खडू बोटावर घेतला,
मी नको म्हणेपर्यंत जिभेला लावला.
"मचूळ," म्हणाल्या, आणि थुंकल्या नाहीत.

शेऱ्याच्या रकान्यात
मी तेवढंच लिहिलं.